दस्तऐवज सरकारचा, चावी कोणाकडे?

श्लेस्विग-होल्स्टाइन हे जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेला लागून असलेले राज्य. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, राजधानी कील. जर्मनीच्या राजकारणात हे राज्य फारसे गाजत नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र युरोपातील प्रशासकीय वर्तुळात त्याचे नाव वारंवार घेतले जात आहे. एप्रिल २०२४ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने सुमारे तीस हजार सरकारी संगणकांवरील मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून त्याजागी ‘लिब्रेऑफिस’ हे मुक्त सॉफ्टवेअर आणण्याचा निर्णय घेतला. त्यापाठोपाठ ऑक्टोबर २०२५ मध्ये चाळीस हजारांहून अधिक सरकारी ई-मेल खाती मुक्त प्रणालीवर नेण्याचे काम पूर्ण झाले.

डिसेंबर २०२५ मध्ये या राज्याने हिशेब मांडला. कर खाते वगळता जवळपास ८० टक्के कामाच्या जागी बदल झाला असून, परवान्यांपोटी द्यावे लागणारे दीड कोटी युरो, म्हणजे ढोबळमानाने दीडशे कोटी रुपये वाचतील, असे सरकारने सांगितले. त्यासमोर स्थलांतर आणि पुढील विकासासाठी २०२६ मध्ये एकदाच करावयाचा खर्च आहे ९० लाख युरो. उरलेल्या २० टक्के जागी अद्याप वर्ड किंवा एक्सेलवाचून चालत नाही, कारण तेथील विशिष्ट कामांच्या प्रणाली त्यांच्याशी घट्ट बांधल्या गेल्या आहेत. विरोधकांनी टक्केवारीवरच प्रश्नचिन्ह लावले. संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविले म्हणजे कर्मचारी त्यावर सुरळीत काम करू लागला असे होत नाही, हा त्यांचा आक्षेप. ई-मेलच्या स्थलांतराच्या वेळी कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही आल्या होत्या.

वाचलेला पैसा आणि ओढवलेली गैरसोय या दोन्ही बाबी खऱ्या आहेत. तथापि या प्रयोगाचे मर्म त्यांच्या पलीकडे आहे. सरकारने लिहिलेला दस्तऐवज आज, दहा वर्षांनी आणि पन्नास वर्षांनी कोणाच्या परवानगीने उघडला जाणार, हा मूळ प्रश्न आहे. गोव्यासारख्या लहान राज्याने आणि देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो आपलाही प्रश्न मानावा, अशी परिस्थिती आहे.

फाईलच्या पोटात काय असते

कागदावर लिहिलेले पत्र वाचण्यासाठी डोळे आणि भाषेचे ज्ञान पुरते. संगणकावरील पत्राला आणखी एका गोष्टीची गरज लागते. मजकूर, त्याचा आकार, परिच्छेद, तक्ते, तळटीपा हे सारे ज्या पद्धतीने साठविले गेले ती पद्धत, म्हणजेच फॉरमॅट, वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ठाऊक असावी लागते. नव्वदच्या दशकात जगभर रूढ झालेल्या वर्डच्या ‘डॉक’ फाईलची ही पद्धत कंपनीच्या ताब्यात होती. स्पर्धक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ती अंदाजाने, फाईली उलगडून पाहत शिकावी लागे. मायक्रोसॉफ्टने या जुन्या फॉरमॅटचा तपशील सर्वांसाठी खुला केला तो फेब्रुवारी २००८ मध्ये.

दरम्यान दुसरा प्रवाह सुरू झाला होता. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९९ मध्ये स्टारडिव्हिजन ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिच्या ऑफिस सॉफ्टवेअरची संहिता खुली केली. त्यातून ‘ओपनऑफिस’ जन्माला आले. ओरॅकलने सन ताब्यात घेतल्यानंतर अनेक विकासक बाहेर पडले आणि सप्टेंबर २०१० मध्ये ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ या संस्थेच्या छत्राखाली ‘लिब्रेऑफिस’ उभे राहिले. या परंपरेचे सर्वांत मोठे देणे म्हणजे ‘ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट’ अर्थात ओडीएफ. २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने ते मानक म्हणून मान्य केले आणि २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, म्हणजे आयएसओची मोहोर लागली. ओडीएफचा तपशील कोणीही वाचावा, कोणीही त्यावर आधारित सॉफ्टवेअर लिहावे आणि त्यासाठी कोणाला स्वामित्वधन देऊ नये, हे त्याचे सूत्र.

मानकांची लढाई आणि भारताचा नकार

मायक्रोसॉफ्टने यावर उत्तर म्हणून स्वतःचा ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ हा फॉरमॅट पुढे केला. आज सर्वपरिचित असलेल्या ‘डॉकएक्स’ आणि ‘एक्सएलएसएक्स’ फाईली त्यातल्याच. सहा हजारांहून अधिक पानांचा हा मसुदा आयएसओकडे जलदगती मार्गाने पाठविण्यात आला. सप्टेंबर २००७ मधील मतदानात त्याला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. त्या फेरीत भारतीय मानक ब्युरोने विरोधात मत दिले होते. मार्च २००८ मध्ये फेरविचाराच्या वेळीही भारत आपल्या नकारावर ठाम राहिला. एप्रिलमध्ये मानक मंजूर झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला या चार देशांनी अपील केले. ऑगस्टमध्ये ते फेटाळले गेले.

भारताची भूमिका आडमुठेपणाची नव्हती. त्या मसुद्यात जुन्या सॉफ्टवेअरच्या लकबी जशाच्या तशा ओढून आणल्या होत्या. वर्ड ९५ जसे अंतर सोडत असे तसे अंतर सोडावे, अशा अर्थाचे निर्देश त्यात होते. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी एक्सेलच्या तारखांच्या गणनेत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस अस्तित्वात आहे. लोटस १-२-३ या जुन्या सॉफ्टवेअरमधली ही चूक एक्सेलने सुसंगतीसाठी उचलली आणि पुढे ती मानकातही जाऊन बसली. मानक मंजूर करताना त्याची दोन रूपे ठरली. एक काटेकोर, दुसरे जुन्या फाईलींच्या सोयीसाठी ठेवलेले संक्रमणकालीन. अठरा वर्षे उलटली, तरी वर्ड आपणहून फाईल साठवते ती संक्रमणकालीन रूपातच.

ओडीएफही निर्दोष नव्हते. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत तक्त्यांमधील सूत्रे कशी लिहावीत याची व्याख्याच नव्हती. २०११ मध्ये १.२ आवृत्ती आली, तेव्हा कुठे ती उणीव भरून निघाली. मानक खुले असले की त्यातली उणीव चारचौघांत दिसते आणि ती दूर करण्याचा अधिकारही एकट्या कोणाकडे राहत नाही, हा फरक मात्र येथे लक्षात घ्यावा लागतो.

नेमके काय बिघडते

एका सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाईल दुसऱ्यात उघडली की पाने सरकतात, तक्त्याची चौकट मोडते, ठळक अक्षरे साधी होतात, हा अनुभव सर्वांना असतो. सामान्यतः याचे खापर मुक्त सॉफ्टवेअरवर फुटते. कारणे मात्र निरनिराळी आहेत.

पहिले कारण फाँटचे. पत्र ज्या फाँटमध्ये लिहिले तो दुसऱ्या संगणकावर नसेल तर दुसरा फाँट वापरला जातो, अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळी निराळ्या ठिकाणी तुटतात. यावर उपाय म्हणून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने एरियल व टाइम्ससाठी ‘लिबरेशन’ आणि कालिब्रीसाठी ‘कार्लिटो’ असे रुंदीला तंतोतंत जुळणारे फाँट घडविले. परंतु मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये कालिब्रीऐवजी ‘ॲप्टोस’ हा नवा मूळ फाँट जाहीर केला आणि एका कंपनीच्या निर्णयाने जगभरच्या नव्या फाईलींचा पाया बदलला.

दुसरे कारण मॅक्रोंचे. सरकारी कचेऱ्यांतील वेतनपत्रके, अंदाजपत्रके, देयके यांत छोटे स्वयंचलित आदेश लिहिलेले असतात. ते एक्सेलच्या भाषेत असल्याने अन्यत्र पूर्णपणे चालतीलच असे नाही. श्लेस्विग-होल्स्टाइनमधील उरलेल्या २० टक्क्यांची अडचण याच जातीची आहे.

तिसरे कारण देवनागरी लिहिणाऱ्यांना थेट भिडणारे आहे. डॉकएक्स फाईलमध्ये रोमन लिपीसाठी एक फाँट आणि एक आकार, तर देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा फाँट आणि दुसरा आकार अशी स्वतंत्र नोंद असते. लिब्रेऑफिसमध्येही हीच विभागणी आहे. एका बाजूची नोंद बदलली आणि दुसरीकडे लक्ष गेले नाही, तर इंग्रजी शब्द मोठे नि मराठी शब्द लहान असा प्रकार घडतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होतात. अनेक फाँटांत हे वळण मजकुराची भाषा म्हणून काय नोंदले आहे, यावर ठरते. देवनागरी फाँटांची उंचीही एकसारखी नसते, म्हणून फाँट बदलला की ओळींमधील अंतर आणि पर्यायाने पानांची संख्या बदलते. न्यायालयात किंवा सभागृहात पृष्ठक्रमांकाच्या आधारे संदर्भ दिला जातो, तेथे ही किरकोळ बाब राहत नाही. इंग्रजी फाँटांसाठी जुळे फाँट तयार झाले, तसे मंगल किंवा निर्मला या विंडोजमधील देवनागरी फाँटांसाठी सर्वत्र रूढ झालेले जुळे फाँट नाहीत.

सुसंगती कोण सुधारतो

मुक्त सॉफ्टवेअरमधील दोष आपोआप दूर होत नाहीत. ज्याला त्रास होतो त्याने नमुना फाईलसह दोष नोंदवावा लागतो, कोणी तरी तो दुरुस्त करावा लागतो आणि पुढच्या आवृत्तीत तोच दोष पुन्हा डोके वर काढू नये म्हणून चाचणी लिहावी लागते. हंगेरीच्या निस्झ या सरकारी माहिती-तंत्रज्ञान कंपनीने आपल्या कचेऱ्यांत अडणाऱ्या फाईली घेऊन लिब्रेऑफिसमधील डॉकएक्स व एक्सएलएसएक्सविषयक अनेक दोष दूर करविले. दुरुस्ती एका देशाच्या पैशाने झाली, लाभ सर्वांना झाला. श्लेस्विग-होल्स्टाइननेही परवान्यांवरील खर्चाचा काही भाग विकासाकडे वळविण्याचे धोरण ठेवले आहे.

देवनागरीचाही असा लाभ झालेला आहे. अक्षरांची जोडणी करणारे ‘हार्फबझ’ हे मुक्त इंजिन लिब्रेऑफिसने २०१७ मधील ५.३ आवृत्तीपासून सर्व प्रकारच्या संगणकांवर एकसारखे वापरण्यास आरंभ केला. त्यामुळे विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरे असे जोडाक्षरांचे वेगवेगळे रूप दिसण्याचा त्रास बराच कमी झाला. लिब्रेऑफिस मराठीत आणि कोकणीतही वापरता येते. तथापि देवनागरीतील तक्ते, तळटीपा, अनुक्रमणिका यांच्या दोषांची नोंद करणारे हात थोडे आहेत. जर्मन फाईलीतला दोष जर्मन कचेरी नोंदवते. मराठी फाईलीतला दोष मराठी कचेरीने नोंदविला नाही तर तो कोणाला दिसणारही नाही.

म्युनिकने दिलेला इशारा

या वाटेवर ठेचाही लागल्या आहेत. म्युनिक महापालिकेने २००३ पासून ‘लिमक्स’ या नावाने मुक्त प्रणालीचा प्रकल्प हाती घेतला आणि सुमारे पंधरा हजार संगणक त्यावर आणले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मात्र नगर परिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्यामागे राजकारण किती आणि तांत्रिक अडचणी किती, याविषयी आजही मतभेद आहेत. एवढे निश्चित, की म्युनिक एकटे होते. बाहेरच्या राज्य व केंद्र सरकारी कचेऱ्या, पुरवठादार, नागरिक या सर्वांकडून येणाऱ्या फाईली जुन्याच फॉरमॅटमध्ये येत राहिल्या आणि प्रत्येक बिघाडाचा दोष नव्या सॉफ्टवेअरच्या माथी बसला.

आजची स्थिती वेगळी आहे. ब्रिटनने २०१४ मध्येच सरकारी देवाणघेवाणीसाठी ओडीएफ निवडले. जर्मनीच्या केंद्र व राज्यांच्या संयुक्त आयटी नियोजन परिषदेने २०२७ पर्यंत ओडीएफ प्रशासनाचे मानक व्हावे, असे ठरविले आहे. डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयाने आणि फ्रान्समधील लियों शहराने २०२५ मध्ये अशीच पावले जाहीर केली. ऑस्ट्रियाच्या सैन्यदलाने सोळा हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणले. म्युनिकला जी साथ मिळाली नाही ती आता मिळू लागली आहे.

स्वदेशी आणि मुक्त यांतील अंतर

युरोपच्या या घाईमागे पैशापेक्षा भीती अधिक आहे. भारताला तिची झळ जुलै २०२५ मध्ये लागली. युरोपीय संघाने रशियन भागीदारीमुळे नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. गुजरातमधील वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या या कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा त्यानंतर बंद झाल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. ते निर्बंध भारताने लादलेले नव्हते. तरीही भारतातील एका कंपनीची ई-पत्रे आणि दस्तऐवज तिच्याच हाताबाहेर गेले.

त्यानंतरच्या महिन्यांत केंद्र सरकारचा कल झोहो या भारतीय कंपनीच्या सेवांकडे वळला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अधिकाऱ्यांना झोहोचा ऑफिस संच वापरण्याचे निर्देश दिले. परदेशी कंपनीच्या जागी भारतीय कंपनी येणे हे निर्बंधांच्या दृष्टीने निश्चितच सुरक्षित आहे. मात्र झोहोचे सॉफ्टवेअर मुक्त नाही आणि तेही भाडेतत्त्वावरच मिळते. झोहोतून डॉकएक्स आणि ओडीएफ दोन्ही प्रकारच्या फाईली बाहेर काढता येतात. त्यांपैकी कोणती काढायची हे धोरणाने ठरविले नाही, तर सवयीने डॉकएक्सच निघेल. ओन्लीऑफिस या दुसऱ्या लोकप्रिय संचाचे उदाहरण बोलके आहे. त्याची संहिता खुली आहे आणि डॉकएक्स फाईली त्यात सुबक दिसतात, कारण त्याचा मूळ फॉरमॅटच मायक्रोसॉफ्टचा आहे. म्हणजे आजची गैरसोय टळते, फॉरमॅटवरील अवलंबित्व तसेच राहते.

धोरणाची उणीव भारतात नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. पुढे तांत्रिक मानकांच्या यादीत ओडीएफला स्थान मिळाले. २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण आले. सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली घडविली. केरळने आपल्या सरकारी व अनुदानित शाळांत मुक्त प्रणाली रुजविली आणि तेथील मुले लिब्रेऑफिसवरच लिहायला शिकतात. इतरत्र मात्र धोरण कागदावर आणि कागद डॉकएक्समध्ये, अशीच स्थिती दिसते.

गोव्यापुढची संधी

मराठी वाचकांना फॉरमॅटची किंमत नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा देवनागरी फाँट निराळ्या सांकेतिक पद्धतीवर चाले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांतील मजकूर मूळ फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसे. त्या काळातील स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते, हस्तलिखितावरून टंकित केलेली पुस्तके आजही अनेक ठिकाणी सीडीत पडून आहेत आणि रूपांतरक सापडल्याशिवाय ती वाचता येत नाहीत. अक्षरे शाबूत, पण वाचण्याची किल्ली हरवलेली. युनिकोडने अक्षरांपुरता हा प्रश्न सोडविला. दस्तऐवजाच्या मांडणीपुरता तो सोडविण्याचे काम मुक्त फॉरमॅटचे आहे.

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद केली. दोन्हींची लिपी देवनागरी. त्यामुळे देवनागरी दस्तऐवजांची नीट सोय लावणे हे येथे भाषिक वादापलीकडचे समान हित आहे. राज्य लहान असल्याने खाती, पंचायती, पालिका आणि शाळा यांना एका पद्धतीवर आणणे मोठ्या राज्यांपेक्षा सोपे आहे.

त्यासाठी रातोरात सर्व संगणक बदलण्याचे कारण नाही. सुरुवात फॉरमॅटपासून करता येते, कारण वर्डसुद्धा ओडीएफ फाईल उघडते आणि साठवते. दुरुस्तीयोग्य मसुद्यांसाठी ओडीएफ आणि अंतिम कागदपत्रांसाठी पीडीएफ-ए, एवढा एक आदेश निघाला तरी नागरिकाला सरकारी नमुना भरण्यासाठी विशिष्ट कंपनीचे सॉफ्टवेअर लागणार नाही. दुसरे पाऊल फाँटचे. मुक्त परवान्याचा एक देवनागरी फाँट ठरवून तो सर्व कचेऱ्यांत बसवावा, म्हणजे पाने सरकण्याचा निम्मा त्रास संपेल. तिसरे पाऊल मोजणीचे. कोणत्या खात्यात किती मॅक्रो आहेत आणि कोणत्या प्रणाली एक्सेलला बांधलेल्या आहेत, याची यादी केल्याशिवाय स्थलांतराची भाषा करणे म्हणजे श्लेस्विग-होल्स्टाइनच्या शेवटच्या २० टक्क्यांत पहिल्या दिवशीच अडकणे होय. प्रशिक्षण आणि तक्रार ऐकणारा मदत कक्ष यांवर खर्च करावाच लागेल. बचतीच्या आकड्यांतून तो वगळला की पुढे प्रकल्पच बदनाम होतो.

चौथे पाऊल सर्वांत कमी खर्चाचे आहे. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून गोवा विद्यापीठापर्यंत संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी येथे आहेत. मराठी व कोकणी दस्तऐवजांतील बिघाड शोधणे, नमुना फाईलसह नोंदविणे आणि शक्य तेथे दुरुस्त करणे हा त्यांच्या प्रकल्पांचा विषय होऊ शकतो. पणजीत नोंदविलेला ‘ल’ आणि ‘श’चा एक दोष दूर झाला, तर त्याचा लाभ बेळगाव, इंदूर, वडोदरा येथील मराठी शाळांना आणि संस्थांना त्याच दिवशी, एक पैसाही न देता मिळेल.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या विंडोजला न चालणारे जुने संगणक शाळांत आणि कचेऱ्यांत पडून राहणार, की मुक्त प्रणालीवर आणखी काही वर्षे चालणार, याचा निर्णय पुढच्या खरेदीच्या निविदांत होईल. त्या निविदांत केवळ किती संगणक हे न लिहिता कोणता फॉरमॅट हेही लिहिले जाते का, याकडे लोकप्रतिनिधींनी आणि नागरिकांनी लक्ष ठेवायला हवे.